साठ शब्दांचा आहेर

दुसऱ्याच्या पुस्तकावर चार ओळी लिहायची ज्याला हौस आहे, त्याने आधी आपल्या घरात तूरडाळीचं पोतं ठेवायला कोरडी जागा आहे का, हे बघून घ्यावं. मी बघितलं नव्हतं. त्यामुळे आमच्या नांदेडच्या दोन खोल्यांच्या घरात सध्या पोतं सोफ्यामागे आहे, सोफा दारापर्यंत आलेला आहे आणि दार अर्धंच उघडतं. येणारा पाहुणा अंग चोरून आत येतो आणि आल्या आल्या विचारतो, "काय व्यंकटराव, डाळीचा धंदा काढलाव की काय?"

मी डाळीचा धंदा काढलेला नाही. मी पुस्तकांची परीक्षणं लिहितो.

आमच्या इथल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत 'नवी पानं' नावाचं सदर असतं. पान पाचवर, अगदी खाली, साड्यांच्या सेलच्या जाहिरातीला खेटून. त्यात तीन चौकटी. एका चौकटीत कादंबरी किंवा कविता, दुसरीत आत्मचरित्र आणि तिसरीत ते तुम्हाला यशस्वी, निरोगी किंवा श्रीमंत करणारं पुस्तक. प्रत्येकी साठ शब्द. मानधन नाही, पुस्तक तेवढं ठेवून घ्यायचं. ही पुरवणी उमाशंकर नावाचा एक तरुण उपसंपादक बघतो. आधीचे परीक्षक मुलाकडे पुण्याला निघून गेले तेव्हा त्याने मला विचारलं, "काका, तुम्ही पुस्तकं वाचता म्हणे?" त्यातल्या 'म्हणे'कडे मी दुर्लक्ष केलं आणि हो म्हणालो.

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण मी सरकारी ऑफिसात आयुष्य घालवलेला, निवृत्तीला टेकलेला माणूस आहे. माझ्या हातून आजवर जे काही लिहून झालं ते सगळं 'सविनय सादर' आणि 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' या दोन टोकांच्या मधलं. आपल्या नावाखाली आपलं खरं मत छापून यावं आणि ते कुणीतरी वाचावं, एवढी एकच इच्छा उरली होती. या वयात इतरांना चारधाम करावंसं वाटतं. ते स्वस्त पडतं, असं आता माझं मत झालं आहे.

पहिल्याच गठ्ठ्यात एक पातळशी कादंबरी निघाली. 'धबधब्याकडे पाठ'. लेखिका कुणी सुकन्या, राहणार इस्लापूर. तिकडे सहस्रकुंडचा धबधबा आहे, त्याच्यासमोर एक बाई भाजलेली कणसं विकायला बसते. अख्ख्या जन्मात तिने तो धबधबा धड पाहिलेला नाही, कारण गिऱ्हाईक समोर आणि पाणी पाठीमागे. बस, एवढीच गोष्ट. मी ती एका बैठकीत वाचली आणि सिंधूने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, दोनदा वाढलेलं ताट परत नेलं. पुस्तक इतकं चांगलं होतं की त्यावर घाईघाईत लिहायचं नाही असं मी ठरवलं. सावकाश, निवांत, शब्द तोलून लिहू. मग त्या आठवड्यापुरती ती बाजूला ठेवली आणि दुसरी एक कादंबरी घेतली. माझ्या सगळ्या हालांचं मूळ या शहाणपणात आहे.

त्या आठवड्याचं आत्मचरित्र होतं लातूरच्या माणिकप्पा शेठ यांचं, 'मी आणि माझी डाळमिल'. पुठ्ठाबांधणी, आत सोनेरी बुकमार्कची दोरी. मी खरं मत लिहिलं. त्यातलं मुख्य असं: 'आडत बाजारात पोती उचलण्यापासून स्वतःच्या डाळमिलपर्यंतचा प्रवास. सुरुवातीची शंभर पाने खरोखर वाचनीय. त्यानंतर लेखकाचे सत्कार सुरू होतात आणि पुस्तक संपेपर्यंत थांबत नाहीत. छायाचित्रांतील शाल प्रत्येक वेळी तीच असावी, असा संशय येतो.'

रविवारी सकाळी ते छापून आलं आणि मला घाम फुटला. खरं मत लिहिताना मजा येते, छापून आल्यावर माणसाला घरदार आठवतं. शेजारचे बालाजीराव आमचा पेपर आमच्या आधी वाचतात. ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले आहेत, आणि उभ्या आयुष्यात लोकांच्या बांधाची भांडणं मिटवून त्यांना सल्ला द्यायची सवय लागली आहे. ते म्हणाले, "चार दिवस बिलोलीला माझ्या साडूकडं जाऊन राहा. लातूरची माणसं सरळ हायत, पर डाळमिलवाल्याकडं हमाल असतेत."

मी गेलो नाही. जायला पाहिजे होतं. बुधवारी संध्याकाळी आमच्या दारात एक पांढरी गाडी थांबली आणि तीतून कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले, दणकट बांध्याचे एक गृहस्थ उतरले. मागून दोन माणसं पोतं घेऊन.

"शरणार्थी, सर," ते लिंगायती रीतीचा नमस्कार करत म्हणाले. "मी माणिकप्पा."

मी दाराची कडी धरून उभा राहिलो. पुढच्या काही मिनिटांत काय झालं हे मला नीट सांगता येणार नाही. मला आमच्याच खुर्चीत बसवलं गेलं, डोक्यावर टोपी चढली, खांद्यावर टॉवेल आला, टॉवेलवर शाल आली, हातात नारळ आला. सिंधूच्या हातात साडी गेली. पोतं सोफ्यामागे गेलं. गाडीच्या ड्रायव्हरने मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाला, "सर, जरा हसून."

"आप्पा," मी धीर करून विचारलं, "तुम्ही परीक्षण वाचलंत ना?"

"वाचायचं काय त्यात? बघितलो की. माझा फोटो हाय, पुस्तकाचं नाव हाय, खाली तुमचं नाव हाय. आमच्या मुनीमजीनं फूटपट्टी लावली, सव्वातीन इंच भरलं. गेल्या साली आमचे व्याही वारले तर अडीच इंचच आलतं."

"पण त्यात मी शालीबद्दल थोडं..."

"ते बेस केलाव. एवढे सत्कार झाले, पर पेपरात शालीचा उल्लेख कुणीच केला न्हवता."

"आप्पा, ते कौतुक नव्हतं हो."

यावर माणिकप्पा आप्पांनी माझ्याकडे फार मायेने बघितलं. लहान मुलाला व्यवहार समजावतात तसं म्हणाले, "सर, तुमी आमाला पेपरात मान दिलाव. तो आहेर झाला. आहेर आला की घ्यायचा असतो. साडी उलगडून पोत बघत बसायचं नसतंय."

माझं खरं मत, पहिलंवहिलं, त्यांनी असं घडी घालून कपाटात ठेवून दिलं. चहा घेतला आणि निघून गेले.

आता कुणीही म्हणेल की प्रकरण इथे संपलं. त्याला आमची सिंधू माहीत नाही. सिंधूचं माहेर चाकूरचं, आणि कुणाच्या लग्नात कुणी कोणत्या रंगाचं ब्लाऊजपीस दिलं हे तिला तिच्या लग्नाच्या आधीपासून पाठ आहे. ती साडीवरून हात फिरवत म्हणाली, "आता हे परत करावं लागतंय."

"साडी?"

"साडी कामून? आहेर. आलेला आहेर फिरला पायजे. न्हाईतर मानसं काय म्हणतील, घेऊन गप बसले."

मी परीक्षक आहे, व्याही नाही, परीक्षकाने आहेर फिरवायचा नसतो, असं मी तिला पुष्कळ समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आप्पांना फोन लावून माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "आप्पा, एखादी शाल घेऊन येतो लातूरला." ते म्हणाले, "शाली ढीग पडल्यात ओ सर, तुमी लिहिलावच की. उगी खर्च करू नका. तुमच्या घरी जे पिकतंय ते द्या."

आमच्या घरी साठ शब्द पिकतात. दुसऱ्या दिवशी कुरिअरने त्यांच्या जावयाचं पुस्तक आलं.

जावई म्हणजे राजशेखर. लातुरात क्लास चालवतात, मुलांना आणि मुलांच्या बापांना स्फूर्ती देतात. पुस्तकाचं नाव 'चारला उठा, चौपट व्हा'. मी लिहिलं, 'लेखक रोज पहाटे चार वाजता उठतात हे या पुस्तकातून निर्विवाद सिद्ध होते. उठल्यानंतर काय करावे याबद्दल मात्र ते मोघम आहेत.' माझी खात्री होती की हे तरी लागेल. स्फूर्ती देणारी माणसं हळवी असतात. पण रविवारनंतर राजशेखर स्वतः आले आणि त्यांनी आम्हाला भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. परातीएवढं. तबकडीवर त्यांचाच हसरा फोटो, आणि काटे त्यांच्या नाकातून निघतात. सिंधूने ते लगेच टांगलं, कारण आहेरातली वस्तू दिसायला पाहिजे. आता सव्वानऊला त्यांना मिशा येतात आणि मी ऑफिसला निघतो.

तर ऑफिस. माझा टोपी-टॉवेलमधला फोटो लातूरहून निघून, कुणाकुणाच्या मोबाईलवरून फिरत, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आला. खाली आठ-दहा जणांनी हात जोडले होते. आस्थापना विभागाच्या मंजुश्री मॅडमनी मात्र हात जोडले नाहीत. त्यांनी मला लेखी विचारलं की सेवेत असताना बाहेरच्या व्यक्तीकडून भेटवस्तू घेतल्याबद्दल खुलासा करावा. मी खुलासा केला. तो परत आला. डाळीचा उल्लेख 'एक पोते' असा मोघम आहे, वजन लिहावे. मी वजन लिहिलं. पुन्हा परत, डाळ वापरण्यास सुरुवात झाली आहे काय, असल्यास उरलेली किती. मी घरी जाऊन डाळ मोजणार होतो, पण सिंधू म्हणाली डाळ मोजल्याने बरकत जाते. टोपीची बाजारभावाने किंमत काय, या प्रश्नावर मी दुकानात जाऊन विचारून आलो. दुकानदाराने घ्यायची नसेल तर विचारू नका म्हणून सांगितलं.

शेवटी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. मला वाटलं, आता पेन्शन गेली. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि आतून एक पुस्तक काढून माझ्यापुढे सरकवलं.

"माझ्या मामांचं हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आत्मचरित्रच हाय. लई दिवसापासून त्यांच्या मनात हाय की कुठंतरी यावं."

खुलासा समाधानकारक असल्याचा शेरा त्याच दुपारी पडला. मामांचं पुस्तक पुढच्या रविवारी आलं. मामा उदगीरहून खव्याचे पेढे घेऊन आले.

यानंतर दोन जिल्ह्यांत बातमी पसरली की व्यंकटराव मान देतात आणि मान घेतातही, माणूस रीतीचा आहे. मला तोवर कल्पना नव्हती की आपल्याकडे इतकी माणसं पुस्तकं लिहून बसली आहेत. चारचौघांत साधी वाटणारी माणसं. ज्याच्याकडे मी वर्षानुवर्षं केस कापून घेतो त्याने आरशामागून चारोळ्यांचा संग्रह काढला. एका चुलत्याचं पुस्तक वरच्या चौकटीत आलं आणि पुतण्याचं खालच्या, तर ठीक होतं. पुढच्या वेळी उलटं झालं तेव्हा लग्नपत्रिकेत नाव खाली गेल्यासारखा चुलता रुसला आणि मला त्याची समजूत काढायला निलंग्यापर्यंत जावं लागलं. यातल्या एकानेही मी काय लिहिलं ते वाचलं नव्हतं. एका कवितासंग्रहाबद्दल मी 'कागद उत्तम आहे' एवढंच म्हणालो होतो, त्या कवीने मला मिठी मारली.

बालाजीरावांचं दुखणं वेगळं होतं. शेजारी असून त्यांच्या घरी आहेर नाही, आणि त्यांना दाखवायला पुस्तक नाही. एके दिवशी ते वही घेऊन आले. "आत्मचरित्र लिहायला घेतलंय," म्हणाले. "जमिनीच्या मोजणीचे अनुभव. आता तुमी असं करा, परीक्षण आधी द्या. मणजे त्या अंदाजानं लिहिता येतंय."

"बालाजीराव, पुस्तक नसताना परीक्षण कसं लिहू?"

"बाकीच्यांचं काय वाचून लिहून राहिलाव व्हय? मिसेसना विचारा, तुमी शेवटची पानं बघताव आन् लिहिताव."

हे साफ खोटं होतं. मी सगळी पानं वाचत होतो. हाच तर छळ होता.

आणि या सगळ्यात 'धबधब्याकडे पाठ' टेबलावर तशीच होती. दर आठवड्याला मी ती वर काढत होतो आणि दर आठवड्याला वर कुणीतरी आहेर ठेवून जात होतं. एकदा राजशेखर यांचं 'तीनला उठा' आलं. एकदा एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला आणि शुभेच्छांनी पान पाचच काय, सगळी पुरवणी गिळली. असाच एकदा सुकन्याचा फोन आला. आवाज बारीक, घाबरलेला.

"सर, मी इस्लापूरची सुकन्या. पुस्तक मिळालं का, एवढंच विचारायचं होतं."

मिळालं म्हणालो. फार आवडलं म्हणालो. ती म्हणाली, "मग येईल का सर, चार ओळी? माझी दुसरी कादंबरी लिहून तयार हाय. प्रकाशक लातूरचे हायत. ते म्हणतेत, पहिलीवर कुठंतरी छापून आल्याबिगर दुसरी काढणार न्हाई. तेंनी या महिन्याअखेरपर्यंत सांगा म्हणलेत. न्हाई आलं तर ऱ्हाऊ द्या सर, मी परत शिकवणीच घेते, काही हरकत न्हाई."

फोन ठेवल्यावर मला स्वतःची इतकी चीड आली की मी राजशेखरांच्या घड्याळाकडे पाठ करून बसलो. कागद चांगला असलेल्या कवीला मी दोन इंच दिले होते. ज्या एका पुस्तकासाठी हे सदर घ्यावं असं होतं, ते माझ्या टेबलावर धूळ खात होतं, आणि तिकडे एक मुलगी हरकत नाही म्हणत होती. मी तडक उमाशंकरकडे गेलो.

"या रविवारी एकच पुस्तक," मी म्हणालो. "तिन्ही चौकटी एकाच कादंबरीला."

"जमत नाही काका. चौकटी तीन आहेत."

"त्या तू मोडू शकतोस."

"मी नाही मोडू शकत. पान हैदराबादचा एक मुलगा लावून द्यायचा, त्याने साचा करून दिला आणि तो नोकरी सोडून गेला. तीन चौकटींत तीन फोटो नसतील तर साड्या वर सरकतात."

साड्या वर सरकू नयेत म्हणून मराठी साहित्याला साठ शब्दांत बसावं लागतं, हे मी मान्य केलं. मी घरी आलो आणि पाच-सहा वेळा खोडून ते साठ शब्द लिहिले. त्यांत मी शाल, कागद, पहाट यांपैकी काहीही आणलं नाही. मुख्य ओळी अशा: 'पाण्याकडे पाठ करून बसलेल्या एका बाईतून लेखिकेने अख्खं आयुष्य उभं केलं आहे. पहिलीच कादंबरी आहे यावर विश्वास बसत नाही. शेवट मात्र घाईत उरकला आहे. तरीही ही कादंबरी विकत घेऊन वाचा, मागून आणू नका.' शेवटाबद्दलचं वाक्य लिहू की नको, यावर मी बराच वेळ अडलो. मग वाटलं, हे काढलं तर हाही आहेरच झाला. ते ठेवलं. मजकूर पाठवून दिला, सुकन्याला फोन करून रविवारी येतंय म्हणून सांगितलं आणि कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं.

शनिवारी दारावर टकटक झाली. अर्ध्या दारातून आधी एक टोपली आत आली, टोपलीमागून पांढरा सदरा घातलेले एक उंच शेतकरी गृहस्थ आणि त्यांच्यामागे मान खाली घातलेली एक मुलगी.

"रामराम. मी भागवत, सुकन्याचा बाप. उद्या पोरीचं छापून येणार म्हणं. म्हणलं, रीत कळत न्हाई असं नको व्हायला."

टोपलीतून सीताफळं निघाली. पिशवीतून टॉवेल, टोपी, साडी निघाली. आणि पाय बांधलेला एक जिवंत कोंबडा निघाला, तो त्यांनी सोफ्याच्या पायाला बांधला. आमच्या घरात अंडंसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळून येतं. कोंबड्याने माझ्याकडे आणि मग भिंतीवरच्या राजशेखरांकडे बघितलं.

"बाबा, म्हणलं होतं न्हाई का, नका आणू," सुकन्या पुटपुटली. तिचे डोळे भरले होते.

साठच शब्द असे होते जे मी कुणाचं काही न घेता लिहिले होते. मी हात जोडले. "भागवतराव, तुमच्या पाया पडतो, पण मी परीक्षणाचं काही घेत नाही. तिने चांगलं लिहिलंय म्हणून मी लिहिलं. यात रीत नाही."

भागवतरावांनी घरभर नजर फिरवली. सोफ्यामागच्या पोत्यावर आप्पांच्या डाळमिलचं नाव ठसठशीत छापलेलं होतं. खुंटीला शाल होती. फ्रीजवर उदगीरच्या पेढ्यांचा रिकामा खोका होता.

"डाळ घेतलाव की," ते शांतपणे म्हणाले. "शेठचं चालतंय, आमचंच चालत न्हाई व्हय?"

घेतलं असतं तर उद्याचे माझे साठ शब्द विकत घेतलेले झाले असते आणि सुकन्याला ते जन्मभर माहीत राहिलं असतं. नाही घेतलं तर तिच्या बापाचा माझ्या उंबऱ्यात अपमान. भागवतराव टॉवेलची घडी परत पिशवीत घालायला लागले होते. अशा वेळी शिकल्यासवरल्या माणसाने काय करावं, हे कोणत्याच यशस्वी करणाऱ्या पुस्तकात नाही. मी ती सगळी वाचली आहेत.

सिंधू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. तिने पिशवीतली साडी स्वतःच बाहेर काढली.

"दादा, मला भाऊ न्हाई," ती म्हणाली. "चाकूरला आता कुणीच न्हाई माझं. ही साडी तुमी मला द्यायलाव का ह्यांला?"

भागवतराव गोंधळले. "तुमालाच की."

"मग भावानं बहिणीला साडी दिली. ह्यांच्या पेपराचा त्यात काय संबंध? ह्यांनी लिहिलं तरी द्यायची, न लिहिलं तरी द्यायची." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी मधी बोलू नका. माझ्या माहेरचं हाय."

तिला भाऊ नाही हे खरंच होतं. भागवतरावांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. मग एकदम कामाला लागले. मी दाजी झालो होतो, म्हणून टोपी आणि टॉवेल माझ्याकडे कायद्यानेच आले. सीताफळं भाच्यांसाठी असतात, आम्हाला मुलं नसली तरी. सिंधूने आप्पांची साडी कपाटातून काढून सुकन्याच्या हातात ठेवली, आत्याकडून. थोडक्यात, जे यायचं ते सगळं घरात आलं, फक्त कारण बदललं. माझं तत्त्व मात्र वाचलं, असं सगळ्यांनी मला सांगितलं. कोंबडा बालाजीराव घेऊन गेले. आवाजावरून त्यांना भिंतीपलीकडे कळलंच होतं.

"पर व्यंकटराव," जाता जाता ते म्हणाले, "आता उद्या भाचीच्या पुस्तकावर लिहिल्यासारखं होईल की."

रविवारी ते छापून आलं. दिवसभरात कुणाचाही फोन आला नाही. आप्पांचा आला होता, पण त्यांनी एवढंच विचारलं की या वेळी इंच कमी का भरले.

सोमवारी ऑफिसात सुकन्याचा फोन आला. आवाज तोच, पण घाबरलेला नव्हता.

"मामा, प्रकाशकांचा फोन आलता. तेंनी फूटपट्टी लावून बघितली म्हणं. दुसरी कादंबरी घेतो म्हणलेत."

"अगं वा. फार छान झालं."

"हाव. पर आता मामा म्हणत न्हाई, सर म्हणून बोलते. शेवट घाईत उरकलाय असं लिहिलाव तुमी. कुठं उरकलाय?"

मी खुर्चीत सरळ बसलो. समोरच्या फायलीवर मंजुश्री मॅडम सहीसाठी थांबल्या होत्या. मी म्हणालो, "हे बघ, अख्खी कादंबरीभर ती बाई पाण्याकडे पाठ करून बसते. शेवटी कठडा बांधतात, तिची कणसांची गाडी हलवतात आणि ती वळून धबधबा बघते. वाचक या क्षणाची वाट बघत आलेला असतो. आणि तू त्याला तीन ओळी देतेस. तीन ओळींत आटपलंस सगळं."

"तीनच ओळी बघती ती. चौथ्या ओळीला गिऱ्हाईक येतंय, कणीस मागतंय. घाई तिला हाय सर, मला न्हाई."

मी म्हणालो, "ते तिथे नीट दिसत नाही."

"दिसतंय. पान काढून बघा."

"पुस्तक घरी आहे."

"मग घरी जाऊन बघा. मी फोन करते परत." आणि तिने फोन ठेवला. माझा. परीक्षकाचा.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मॅडमनी कारण विचारलं, मी कौटुंबिक लिहिलं. घरी येऊन, दारातून तिरका होऊन आत शिरलो आणि चपला न काढता शेवटचं पान उघडलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीत कुणीतरी म्हणतं, 'मावशी, एक कणीस,' आणि बाई वळते, आणि पुस्तक संपतं. काय सांगायचं? मी चूक होतो. शेवट घाईत नव्हता. बाई घाईत होती, आणि मी दोन्हींतला फरक न बघता तसं छापून मोकळा झालो होतो.

फोन वाजला. सुकन्या म्हणाली, "बघितलाव?"

"बघितलं. तुझं बरोबर आहे."

"मग तसं छापा."

"सदरात दुरुस्ती छापत नाहीत. साड्या वर सरकतात."

"मग मी पेपरला पत्र लिहिते. नाव घेऊन लिहिते तुमचं, की ह्या परीक्षकांनी शेवटचं पान नीट वाचलं न्हाई म्हणून."

"लिही," मी म्हणालो. "अगदी लिही."

फोन ठेवला तेव्हा सिंधू दारात उभी होती. भर दुपारी मी घरी, चपला पायात, डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर हसू. तिला काही कळेना.

"काय म्हणायली पोरगी?"

"भांडायली," मी म्हणालो. "मी काय लिहिलं ते वाचून भांडायली."